देवाच्या डब्याला कुलूप

देवाच्या डब्याला मी कुलूप लावलं होतं. आज नातवंडांना सांगते तर त्यांना वाटतं म्हातारी फेकते आहे. पण खरंच लावलं होतं, पितळेचं, आणि किल्ली पदराला बांधून मी गावभर मिरवत होते.

बहात्तरच्या दुष्काळातलं सांगते. आम्ही मंगरूळपीरला राहत होतो. मी तेव्हा चोवीस वर्षांची, एका पोरीची आई आणि स्वतःच्या मते फार हुशार. आमच्या ख्रिस्ती घरात एक रीत होती. सकाळी चूल पेटवायच्या आधी ज्वारीची पहिली मूठ कडीकोयंड्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ती देवाची. रविवारी तो डबा प्रार्थनाघरात न्यायचा आणि तिथून धान्य कोणा अडलेल्याच्या घरी जायचं. ही रीत सासूबाईंनी घातलेली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी मात्र सातवी शिकलेली, म्हणून रविवारी आमच्या ओसरीवर सात-आठ पोरांना बसवून बायबलच्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. माझी पाच वर्षांची लेक पहिल्या रांगेत.

तर त्या वर्षी डबा भरेना. रोज मूठ टाकावी आणि दुपारपर्यंत धान्य खाली गेलेलं असावं. मी डब्याच्या आत कोळशाने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी ज्वारी रेघेच्या बोटभर खाली! झालं, माझ्या डोक्यात भुंगा शिरला. पहिला संशय शेजारणीवर, कारण ती विरजण मागायला येऊन उगाच रेंगाळायची. मग उंदरांवर. मग आत्याबाईंवर, कारण त्यांना जेवणानंतर अंगणात जायची भारी घाई असायची. शेवटी लेकीवर. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती, आणि पाच वर्षांचं पोर नजर टाळतं म्हणजे काहीतरी आहेच, असा माझा कायदा.

सरळ विचारावं? छे! विचारलं तर चोर सावध होईल. मी ओसरीवर सापळा लावला. लागोपाठ तीन रविवार पोरांना ‘चोरी करू नको’ हीच आज्ञा शिकवली. नोहा नाही, दावीद नाही, नुसती चोरी. बाकीची पोरं जांभया देत होती, आणि मी सगळा वेळ लेकीच्या तोंडाकडे पाहत होते.

“देवाचं चोरलं तर काय होते?” मी विचारलं.

“देव रागावते,” पोरं एका सुरात.

लेकीने मात्र खाली मान घातली. मला वाटलं, सापडली! त्या संध्याकाळी प्रार्थनेला ती माझ्याशेजारी बसली नाही, आजीच्या मांडीला चिकटून बसली. तेही मी पुराव्यात धरलं. तिच्या मनातून मी आणि माझ्याबरोबर माझा देवही उतरत चालला होता. मला दिसत होती ती फक्त रेघ.

सोमवारी कुलूप घातलं. आत्याबाईंनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सूप घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक झग्यात काहीतरी लपवून मागच्या दाराने सटकली. मी मागोमाग. काय माझा थाट! बोरीच्या झुडपाआड दबा धरला आणि पदर काट्यात अडकवून घेतला. मागच्या गल्लीत एक बाळंतीण राहायची. तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. लेक तिच्या दारात उभी राहिली.

“आज आजी नाही आली का वो माय?” बाळंतिणीने विचारलं.

“आजीजवळ ज्वारी नाही. आईनं देवाले कुलूप लावलं,” लेक म्हणाली. “हे घे. माही अर्धी भाकर हाये. आजीनं आपली अर्धी देल्ली.”

बाळंतिणीने दोन अर्ध्या जोडून पाहिल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मी काट्यातून पदर सोडवत होते. तो फाटला.

घरी येऊन आत्याबाईंसमोर उभी राहिले. “मला सांगितलं का नाही?”

“काय सांगाव?” त्या खडे निवडतच राहिल्या. “रविवारपर्यंत थांब, असं त्या बाईले सांगू काय? तिच्या अंगावर लेकरू पेते.”

“पण पोरीने तरी सांगायचं!”

“मीच म्हनलं होतं, देल्लेलं बोलून दाखवू नोको. ते पोरगी ऐकते. तू चोरी चोरी करत होती तवा लय भ्याली. मले इचारे, आजी, आपुन चोर हाओ काय?”

तीन रविवार ओसरीवर बसून मी तोंडाने धर्म शिकवत होते, आणि त्याच घरात एक निरक्षर बाई रोज दुपारी पोरीचा हात धरून तो करून दाखवत होती. तेही मला चोरून, कारण मी कशी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

कुलूप काढलं. रविवारी सगळ्या पोरांसमोर लेकीला म्हटलं, “माझं चुकलं. तू चोर नाहीस.” पोरांना ते नोहापेक्षा जास्त आवडलं, एकाने तर “पुन्हा म्हना” म्हणून सांगितलं. लेक मात्र हसली नाही. चार दिवस ती माझ्याकडे असं बघायची, जसं मी तिच्याकडे बघत होते. आता संशय घ्यायची पाळी तिची होती.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिच्यादेखत डब्यात हात घातला, मूठ भरली आणि म्हटलं, “चल, आज आपण दोघी जाऊ.”

ती लगेच उठली नाही. आधी माझ्या मुठीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “आई, तू मूठ लय आवळून धरली. आजीच्या मुठीतून त सांडते.”