हिरवा डबा, लाल डबा

चौसाळ्याच्या योगीराजला हुशार म्हणणारं माणूस एकच होतं, त्याची आई शांतादेवी. औरंगाबादचा कॉम्प्युटर कोर्स अर्धवट टाकून तो गावी परतला तो नाक वर करूनच. वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान त्याला कमीपणाचं वाटायचं. दुकानामागच्या खोलीत त्यानं गेम खेळायला कॉम्प्युटर मांडला आणि पडद्यावरची चित्रं झरझर पळावीत म्हणून त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं. ते हिरव्या डब्यातून आलं होतं. तेव्हापासून त्याच्या लेखी माणसांच्या दोनच जाती उरल्या. हिरव्या डब्यातलं कार्ड घेणारे शहाणे, लाल डब्यातलं घेणारे येडे. उरलेल्या बीड जिल्ह्याकडे कार्डच नव्हतं, म्हणून तो जिल्हा त्याच्या खिजगणतीत नव्हता.

दोन हजार तीन साली हे रत्न अंबाजोगाईला अपेक्षाला बघायला आलं. तिचे वडील मन्मथप्पा भांड्यांचे व्यापारी, ती शाळेत गणित शिकवायची. वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर नवरदेवाची खुर्ची रिकामी. तो तिच्या भावाच्या, केदारनाथच्या खोलीत, टेबलाखाली डोकं घालून बसला होता. केदारनाथच्या कॉम्प्युटरात लाल डब्यातलं कार्ड निघालं होतं. झालं, दोघांची जुंपली. दोघांनीही दुसरं कार्ड कधी हातात धरलं नव्हतं. मासिकात वाचलेलं एकमेकांच्या तोंडावर फेकणं चाललं होतं. बाहेर पोहे गार झाले. पोरगा लई अभ्यासू हाय, असं शांतादेवी पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. अपेक्षाला त्या दिवशी नवरदेवाचे दिसले ते फक्त मोजे, त्यातला एक टाचेला फाटलेला.

चार दिवसांनी निरोप आला की घर पसंत आहे. मुलीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. येत्या रविवारी मुलगा स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन येईल आणि कार्डांचा सोक्षमोक्ष लावील, एवढंच होतं. केदारनाथ हरखला. अपेक्षानं ठरवलं, रविवारी तोंडावर नकार द्यायचा. त्यासाठी तिनं चांगली टोचणारी वाक्यंही जुळवून ठेवली.

रविवारी योगीराज एसटीतून उतरला तो दुपट्यात बाळ गुंडाळावं तसा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून. केदारनाथनं मित्राचा मॉनिटर आणून ठेवलाच होता. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी लावून मोटारींच्या शर्यतीचा एकच गेम दोन्हींवर चालू केला आणि निवाडा करायला मन्मथप्पांना बसवलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"दोनी गाड्या सारख्याच पळायल्यात की," ते म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा एकमेकांवर उखडले. हिरव्याच्या सावल्या फाटक्या दिसतात, असं केदारनाथ म्हणाला. लाल कार्ड तव्यासारखं तापतं, त्यावर भाकरी भाजून घे, असं योगीराजनं सुनावलं. शेवटी त्यानं वायर उपटली, कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून उचलला आणि मन्मथप्पांकडे वळला.

"अप्पा, राग मानू नका. पण असलं कार्ड वापरणाऱ्या घरची पोरगी आमी करत न्हाई."

अपेक्षा दारातच उभी होती. जुळवलेली वाक्यं तोंडातल्या तोंडात राहिली. ज्या माणसाला ती शंभरदा नाकारणार होती, त्यानंच तिला आधी नाकारलं होतं, तेही नीट न बघता. तिचे कान तापले.

"माझं नाव काय हाय, सांगा बरं," ती म्हणाली.

योगीराज गोधडी छातीशी धरून घुटमळला. मदतीच्या आशेनं त्यानं केदारनाथकडं पाहिलं.

"शिवकन्या?"

केदारनाथनं कपाळावर हात मारला.

"नावाचा हितं काय संबंध?" असं म्हणून तो चपला घालून निघून गेला.

पुढं चौसाळ्यात त्यानं पसरवलं, की स्थळ तांत्रिक कारणावरून मोडलं. लोकांना तांत्रिक म्हणजे मुलीत काही खोट आहे असं वाटलं, आणि नेकनूरचं एक बरं स्थळ त्यापायी परतलं. मन्मथप्पा महिनाभर घुश्शात होते. अपेक्षानं मात्र एकही खुलासा कुणाकडे पाठवला नाही. चौसाळ्याच्या तोंडी लागण्याइतकी आपण रिकामी नाही, असं तिनं ठरवून टाकलं. दीड वर्षानं लातूरच्या एका बँकेतल्या माणसाशी तिचं लग्न झालं. तो पहिल्याच भेटीत दोन तास तिच्याशीच बोलला होता.

तिच्या मनाला लागलं ते वेगळंच. लग्नाच्या आवराआवरीत तिला केदारनाथच्या खोलीतल्या माळ्यावर कार्डाचा एक रिकामा डबा सापडला. हिरवा. केदारनाथनं मागाहून गुपचूप लाल कार्ड बदललं होतं. विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "तेवढं बरुबर व्हतं त्याचं."

योगीराजचा तिला रागच आलेला होता. भावावर मात्र तिला तेवढं रागावताही आलं नाही. डबा होता तिथं ठेवून ती खाली उतरली.