जनकाबाईंची रेकॉर्ड

मोताळ्यात जानरावांना आजही लोक पोंगेवाले म्हणूनच ओळखतात. पोंगे, म्हणजे ते पत्र्याचे कर्णे, गेले, त्यांच्या जागी भिंतीएवढे डीजे आले, जानरावांचे केसही गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तरुणपणी त्यांची साऊंड सर्व्हिस होती. लग्न असो, निवडणूक असो की भीमजयंती, बैलगाडीवर बॅटरी, पोंगे आणि रेकॉर्ड प्लेयर लादून जानराव हजर. गाडी हलायची, मंडपातली पोरं टेबलाला धडकायची आणि सुई उडायची. ती उडू नये म्हणून त्या काळचे पोंगेवाले प्लेयरच्या सुईच्या दांडीच्या डोक्यावर एखादं नाणं ठेवत. जानरावांचा एक जाड जुना रुपया ठरलेला होता. त्यानं रेकॉर्ड लवकर झिजायची, हे खरं. पण वरात दारात आणि गाणं अडखळलं तर वरबाप अंगावर धावून यायचा, झिजलेल्या रेकॉर्डीचं कोणाला पडलंय! धंदा बंद झाला, रेकॉर्डी भंगारात गेल्या. रुपया मात्र सदऱ्याच्या खिशात राहिला, आणि सदरा बदलला की नव्या खिशात जायचा.

एक रेकॉर्ड त्यांनी ना पोंग्यावर लावली, ना भंगारात दिली. ती जनकाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती. जनकाबाई मूळच्या सोनाळ्याच्या. लग्नाआधी त्या तिथल्या गायन पार्टीत गायच्या. पार्टीच्या मास्तरांनी सगळ्यांना एकदा मुंबईला नेलं आणि एका लहानशा कंपनीत लहानशी रेकॉर्ड काढून आणली. पहिल्यांदाच शाळेत निघालेल्या पोरीचं गाणं होतं ते. सगळं गाणं कोरसमध्ये, शेवटचा अंतरा मात्र एकट्या जनकेचा. कंपनी पुढे बुडाली. मास्तरांनी दिलेली ती एक प्रत जनकाबाई लग्नात सोबत घेऊन आल्या.

लग्नाच्या वर्षी जानरावांनी ती एकदा लावली. त्यानंतर जनकाबाई कधी म्हणाल्या, "लावा ना हो एकदा," की यांचं उत्तर तयार.

"झिजते ते. एकच हाये."

टेप करून घेऊ, असंही ते दरवर्षी म्हणायचे. टेप आले आणि गेले, मग सीडी आल्या आणि गेल्या, प्लेयरची सुई मिळेनाशी झाली, आणि रेकॉर्ड टिनाच्या छपराखाली पेटीत पडून राहिली. जपतो जपतो म्हणत माणूस किती वर्षं वाया घालवतो, याला काही सुमारच नाही.

यंदा जनकाबाईंचा आवाज बसला तो उठलाच नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले, शेवटी अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. सोमवारची तारीख दिली. परतीच्या एसटीत जनकाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. नांदुऱ्याच्या पुढे आल्यावर त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "मले माही रेकॉर्ड आयकाची हाये. तेवढं करा."

जानराव हो म्हणाले खरे. रेकॉर्ड होती, वाजवायची कशावर?

माळ्यावरचा जुना प्लेयर काढला तर उंदरांनी वायरी खाल्लेल्या, रबराचा चिखल झालेला. दुसऱ्या दिवशी ते बुलढाण्याला गेले. तिथे ओळखीच्या अविनाशच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शोभेला ठेवलेला एक प्लेयर होता, सुटकेससारखा, लाल, झाकण उघडलं की आत सगळं तयार. अविनाश म्हणाला, "काका, हाच घेऊन जा. घरी नेला की लावा. आजकाल पोरं हेच घेतात."

जानरावांनी दांडीखाली बोट घालून ती हळूच उचलली. जड होती, आणि मागे तोलाला वजनच नव्हतं. दांडी सगळा भार सुईवर टाकणार, सुई रेकॉर्डीवर. त्यांनी ती जपून खाली ठेवली.

"हा प्लेयर नाही बे, नांगर हाये," ते म्हणाले, आणि रिकाम्या हातानं मोताळ्याला परतले.

घरी जनकाबाईंनी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग आत निघून गेल्या. मुलगी सारिका आईसाठी रजा काढून आली होती. बुलढाण्याची हकीकत ऐकून ती भडकली.

"बाबा, एकदाच लावाची हाये ना? मग खराब झाली तं झाली. तिच्या मनासारखं तं होईन."

"एकदाच काऊन?" जानराव दबक्या आवाजात म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर ते घरी आली, अन् तोंडातून शब्द निघत नाही, तवा आपण काय आयकाचं? तवा रोज लागन ते रेकॉर्ड. मोबाईलमध्ये भरून ठेवाची म्हटली तरी आधी धड वाजली पाहिजे."

सारिकानं मोबाईल काढला. दोघांनी बसून प्लेयर धुंडाळले. जानराव प्रत्येक फोटोत दांडीची मागची बाजू मोठी करून बघायचे. एकात तोलाचं वजनच नाही, एकात आहे पण मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा वेग नाही, आणि जनकाबाईंची रेकॉर्ड पंचेचाळीसचीच. शेवटी एक सापडला. मागे फिरवायचं वजन, त्यावर आकडे, सुईवर भार जेमतेम दोन ग्रॅम. शनिवारी पोचेल असं लिहिलं होतं. बुलढाण्याचा लाल प्लेयर संध्याकाळपर्यंत घरात आला असता. जानरावांनी शनिवारचा मागवला, आणि त्या क्षणापासून त्यांना अन्न गोड लागेना.

शनिवारी निरोप आला की पार्सल मलकापूरला पडलंय, मोताळ्याला सोमवारी येईल. सोमवारी तर जनकाबाईंना अकोल्याला ऑपरेशनच्या टेबलावर असायचं. जानरावांनी चप्पल घातली आणि मिळेल ती एसटी पकडून मलकापूर गाठलं. गोदामातला माणूस आधी ऐकेना. म्हणे, घरपोच म्हणजे घरपोच. जानरावांनी त्याचे हात धरले. जन्मात कोणापुढे वाकले नव्हते, त्या दिवशी वाकले. येताना खोकं मांडीवर घेऊन बसले आणि शेजारच्या बाईला खोक्याला टेकूसुद्धा देईनात.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत, तसबिरींच्या खाली टेबल मांडलं. जनकाबाईंनी पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसलं, एरवी त्या ते जयंतीलाच काढत. सारिका पुस्तिका वाचून सांगत गेली, जानराव तसं तसं जोडत गेले. वजन फिरवून दोन ग्रॅमवर आणलं. तिनं आपला लहान स्पीकर वायरीनं जोडून दिला.

रेकॉर्ड पाकिटातून निघाली तेव्हा जानरावांच्या लक्षात आलं की ती एका बाजूनं किंचित उचलली आहे. टिनाखालचे इतके उन्हाळे तिनं काढले होते. पूर्वी अशी रेकॉर्ड ते दोन काचांमध्ये दाबून ठेवत, आठवड्यात सरळ व्हायची. आज आठवडा कुठून आणायचा? आधी दुसरी लावून पाहावी, तर घरात दुसरी रेकॉर्ड नव्हती. त्यांनी श्वास रोखून सुई टेकवली.

पेटी वाजली, ढोलकी आली, कोरस सुरू झाला. जनकाबाईंचे ओठ हलायला लागले. गाणं पुढे सरकलं आणि जिथे रेकॉर्ड उचलली होती तिथे सुई उडून मागे आली. तीच ओळ पुन्हा. परत उडाली. परत तीच ओळ. एकटीचा अंतरा पुढेच होता आणि गाणं काही तिथवर जाईना. जनकाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

जानरावांचा हात खिशात गेला. तो कधी गेला हे त्यांनाही कळलं नाही. भर मंडपात गाणं अडखळलं की तो असाच जायचा, डोक्याला विचारायला थांबायचा नाही. रुपया दांडीच्या डोक्यावर बसला.

"बाबा, नाही!" सारिका म्हणाली.

पण गाणं सरळ झालं होतं. कोरस थांबला, आणि खोलीत एका पोरीचा बारीक, स्वच्छ आवाज आला.

"पाटी माझ्या हाती, माय, पाटी माझ्या हाती..."

जनकाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. तेवढ्यात कर्रर्र झालं. दोन ग्रॅमसाठी घडवलेली ती नाजूक सुई रुपयाच्या भारानं आडवी झाली आणि दांडीचं अख्खं डोकं रेकॉर्डीवर घासत गेलं. जानरावांनी ते उचलेपर्यंत शेवटच्या अंतऱ्यावर पांढरा ओरखडा गोल फिरला होता. रुपया टेबलाखाली घरंगळला.

सारिकानं सुई पाहिली, रेकॉर्ड उजेडात धरली आणि खाली ठेवली. सुई नवी मागवता आली असती. तो अंतरा कुठून मागवणार?

जानराव जमिनीवरच बसले. वर्षानुवर्षं बायकोला त्या रेकॉर्डीला हात लावू दिला नाही, नांगर नको म्हणून बुलढाण्याहून रिकामे आले, मलकापुरात परक्याचे हात धरले, आणि शेवटी नांगर त्यांच्याच खिशातून निघाला. ते कपाळ बडवत म्हणाले, "म्याच मारली ते, जनका. माह्याच हातानं." म्हाताऱ्या माणसाचं रडणं चांगलं दिसत नाही. सारिकानं तोंड फिरवलं.

जनकाबाई खुर्चीतून उठल्या, पदर सावरला आणि नवऱ्याजवळ खाली बसल्या. मग जिथे सुई मोडली होती तिथून त्यांनी पुढची ओळ उचलली. आवाज म्हणजे नुसती खरखर, सूर धड लागत नव्हता.

"आई, डॉक्टरनं ताण देऊ नको म्हटलं ना," सारिका म्हणाली. जनकाबाईंनी हातानंच तिला थांबवलं आणि दम घेत घेत अंतरा शेवटापर्यंत नेला. सारिकानं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो पुढे धरला होता.

अंतरा संपला. जनकाबाईंना खोकला आला, गळ्याशी हात गेला. जानरावांनी तांब्या दिला, त्या दोन घोट प्याल्या. आजवर ज्या माणसाला झिजते याशिवाय दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं, तो बायकोचा हात घट्ट धरून म्हणाला, "पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी निम्म्यातच आवाज गेला आणि नुसते ओठ हलत राहिले. जानराव त्या ओठांकडे पाहत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.