चाचांच्या दुकानातलं साहेबाचं बुक

गेल्या वर्षी चार आठवडे मी रोज दुपारी हॉस्पिटलातून सुटले की घरी न जाता थेट आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात घुसायचे. बकाला म्हणजे इथे आखातात, फरवानियातलं किराणा मालाचं इवलंसं दुकान. घरात कढीपत्त्याच्या चार जुड्या वाळत पडल्या होत्या, तरी मी पाचवी घ्यायचे. नवरा म्हणाला, "तुला दुकानदारानं भुरळ घातली की काय?" घातली होतीच. पण दुकानदारानं नाही, एका चहामळेवाल्या इंग्रजानं, आणि तो तर केव्हाच मातीत गेलेला.

दुकान चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे. तीस-पस्तीस वर्षं इथे काढून आता कायमचे गावी निघालेले. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करायला टाकलेला, महिन्याभरानंतरच्या एका गुरुवारचं तिकीट काढलेलं. शुक्रवारी सकाळी मी गळ्यात दुर्बीण अडकवून समुद्राकाठी पक्षी बघायला जाते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. एके दिवशी तांदळाच्या पोत्यांमागून त्यांनी एक हिरवं फडकं काढलं. आत चामड्याच्या पुठ्ठ्याची जाडजूड वही.

"बाय, तू पाखरा बघतेस ना? ह्या साहेबाचा बुक हाय. माज्या आज्याचा नाव त्यात हाय का, तवडा बघ."

त्यांचे आजोबा निलगिरीत चहाच्या मळ्यावर साहेबाकडे खानसामा होते. साहेबाला पक्षी जमवण्याचा नाद. टिपायचे, सोलायचे, कातड्यात कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधायची आणि चहाच्या खोक्यांत रचून ठेवायचे. ते पक्षी मी आणून दिलेत, असं आजोबा गावी परतल्यावर सांगायचे आणि गाव हसायचं. चाचांनी मात्र ती गोष्ट आपल्या मुलाला लहानपणापासून ऐकवली. मुलगा इथेच वाढला, आता सबाह अल-सालेमला राहतो, इंजिनिअर आहे. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आब्बा, ही वॉज जस्ट अ कुक." चाचांना ते फार लागलं होतं. गावी जाऊन नातवंडांना तीच गोष्ट सांगायची, तर ती खरी आहे का, हे त्यांना आधी हवं होतं. इंग्रजी येत नव्हतं. वही दुकानाबाहेर न्यायला ते तयार नव्हते. मग काय, मी गल्ल्याशेजारी उभी राहून वाचायला लागले.

अक्षर म्हणजे शुद्ध मुंग्यांची रांग! पण मी हॉस्पिटलात तपासणीला आलेल्या मांसाच्या तुकड्यांची नोंद ठेवते, बावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावते आहे. दोन दिवसांत साहेब मला घडाघडा वाचता येऊ लागला. आणि त्याचे रकाने पाहून मी जवळजवळ ओरडलेच. नंबर, जागा, नर की मादी, पोटात काय सापडलं. अहो, हेच मी रोज लिहिते!

रकान्यांच्या कडेला त्याचं आयुष्य होतं. पाऊस लांबला, पानं खुडायला बायका कमी आल्या. कारखान्यातला पट्टा तुटला. ताप, क्विनाइन, पुन्हा ताप. बायको पोरांना घेऊन विलायतेला गेली, ते एका ओळीत. आणि त्याच दिवशी मिळालेल्या धनेशाच्या चोचीवर अर्धं पान! मी चिडून म्हटलं, "काय माणूस आहे हा!" चाचा कांदे तोलता तोलता म्हणाले, "अगं, रडाया येत असंल, म्हणून चोच लिवली." हा माणूस मला आवडायला लागला होता, हेही खरं. कातड्यांना कीड लागू नये म्हणून विषारी सोमल घातलेला साबण चोळून चोळून त्याच्या बोटांची सालं निघालेली, तरी पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा जंगलात. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थांबून विचारायची, "आज काय मारलं साहेबानं?"

पुढे त्यानं लिहिलं होतं, उजव्या डोळ्यापुढे धुकं येतं. मग डाव्याही. अक्षर मोठं, वेडंवाकडं होत गेलं. पण पक्षी वाढले! पूर्वी महिन्याला चार-पाच, आता वीस-वीस. शिंपी, शिंजीर, अंगठ्याएवढी पाखरं. आणि रंगांची वर्णनं तर काय सांगू. छातीला भाजलेल्या जिऱ्याचा रंग. पाठ कच्च्या पपईच्या सालीची. पोट ताकावर आलेल्या लोण्यासारखं. मी दुकानात उभी राहून वाहवा करत होते. इंग्रजाला केवढी नजर, म्हणून!

आजोबांचं नाव मात्र कुठेही नव्हतं. शेवटची नोंद झाली, पुढे कोरी पानं लागली. शिवण उसवत होती, म्हणून मी पाच-सहा कोरी पानं उलटून वही मिटली आणि माझ्या उतावळ्या स्वभावाप्रमाणे निकाल देऊन मोकळी झाले.

"नाही हो चाचा. खानसामा असा शब्दसुद्धा नाही."

त्यांनी वहीवर हात ठेवला. "मग आजा खोटा बोलला," एवढंच म्हणाले, आणि फडकं शोधू लागले. मला रात्रभर स्वतःचा राग आला. जरा दमानं सांगायचं होतं. काहीतरी बरं सांगायचं होतं.

बुधवारी निरोप द्यायला गेले, तर मुलगा सामान न्यायला आलेला. वही गल्ल्यावर पडलेली. आमच्या इमारतीचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, राखणदार खुबूसच्या रोट्या घ्यायला आला. चाचा सुट्टे मोजत होते, तोवर त्यानं चाळा म्हणून ती वही उघडली. त्याच्या सवयीप्रमाणे, उजवीकडून.

पानभर लिहिलेलं होतं! पेन्सिलीनं, बारीक, ओळीवर ओळ. तो डोळे बारीक करून म्हणाला, "अक्षरं आमची आहेत, पण अरबी नाही हे."

चाचांच्या हातातली नाणी जमिनीवर पडली. ते उर्दू शाळेत शिकलेले, आणि ती उर्दूच होती. त्यांच्या घराण्यात साहेबाचं बुक म्हणून ती वही कुणी इंग्रजी बाजूपलीकडे उघडलीच नव्हती. आणि मी! अठरा वर्षं या देशात राहते, इथलं प्रत्येक पुस्तक उजवीकडून उघडतं हे रोज पाहते, आणि मला एकदाही शेवटचं पान बघावंसं वाटलं नाही. चपलेनं मारून घ्यावंसं वाटलं स्वतःला.

चाचा वाचू लागले. मुलानं त्यांना स्टुलावर बसवलं. वाचलेलं ते आम्हाला सांगत गेले. साहेबाला आता पाच पावलांपलीकडचं दिसत नाही, जवळचे रंगही ओळखू येत नाहीत. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, कळलं तर मला मळ्यावरून काढतील. बंदूक मी चालवतो. कातडं मी काढतो. साहेब पक्षी हातात घेऊन पंख चाचपतो, मोजतो आणि विचारतो, रंग कसा आहे? मी सांगतो. तो लिहितो.

मी त्यांच्या हातातून वही ओढलीच म्हणा ना. "चाचा! जिरं! पपई! लोणी! ते सगळं तुमच्या आजोबांचं आहे!" मी नंबर शोधला, इंग्रजीतला रंग वाचला. उर्दूतही पक्ष्यांना नंबर घातलेले होते; चाचांनी उलट्या बाजूनं तोच नंबर काढला, तोच पक्षी, तेच जिरं. दुसरा काढला, जुळला. तिसरा, जुळला! राखणदाराला काही कळत नव्हतं, तरी तो दर वेळी "माशाल्ला" म्हणत टाळी वाजवत होता. मुलगा आधी हाताची घडी घालून उभा होता. चौथ्या नंबराला त्यानं मला बाजूला केलं आणि इंग्रजी स्वतः वाचायला घेतलं.

असे तीस-चाळीस तरी जुळवले असतील. शटर अर्धं ओढून घेतलं होतं. उर्दूतल्या शेवटच्या पानावर होतं की, साहेब आज बोटीवर चढला. खोकी घेऊन गेला. वही मला देऊन म्हणाला, ही तुझी.

मुलानं ते पान वरपासून खालपर्यंत निरखलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं. अक्षरं त्याला लागत नव्हती. "बट आब्बा, नाव कुठाय? त्यांनी नाव कुठे लिहिलंय?"

चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सगळी पानं चाळली. खरंच, नाव कुठेच नव्हतं. सगळीकडे नुसतं मी, मी, मी. मी मारला. मी सोलला. मी सांगितलं.

चाचांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मुलाकडे बघून चक्क हसले.

"अरे, सोताच्या वहीत सोताचा नाव कोण लिवता?"