बाहुलीचा बिनखांद्याचा गाऊन

ताडकळसला आई दुसऱ्यांच्या गोधड्या शिवायची. त्यावरच शिकून मी घरातली पहिली पदवीधर झाले. लेकीला शाळेच्या प्रदर्शनासाठी बाहुलीला एका परदेशी राणीचा प्रसिद्ध, बिनखांद्याचा मखमली गाऊन हवा होता. फोटो बघून मी तीनदा शिवला, तीनदा तो घसरून बाहुलीच्या पायात आला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. लेक रडायलाच लागली, तशी मी बाहुली आणि फोटो घेऊन आईकडे गेले.

"आई, राणीचा गाऊन जमंना गं."

"राणी बी गाऊनवरच हिंडती व्हय? तू घरात गाऊन घालतीस म्हणून मी उगंच तुला बोलायले!"

मग फोटो बघून म्हणाली, "खांदाच न्हाई, टिकंल कशावर? अंगावरच आवळून शिव."

तसाच शिवला. तो आता काढता येत नाही, पण राणीचा गाऊन बाहुलीच्या अंगावर टिकला.