तुकातात्याचा पहिला खांदा

मी जुन्नर सोडलं त्या सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी दोन शेळ्या बादशहाची कमान खात होत्या. दिल्लीत दरबार भरला, नवा बादशहा तख्तावर बसला, म्हणून साऱ्या मुलखाला सुट्टी मिळाली होती आणि कचेरीच्या हुकमानं गावभर कमानी उभ्या राहिल्या होत्या. सुट्टी कधीच संपली होती. कमानी उतरवायचा हुकूम मात्र कोणी काढला नव्हता, म्हणून त्या तशाच लोंबत होत्या. दवानं लाल कागदाचा रंग सुटून बांबूवरून ओघळला होता. टांगा खालून गेला तेव्हा त्या रंगाचा एक थेंब माझ्या टोपीवर पडला आणि मला अशी काही शिसारी आली, की टोपी काढून मी ती टांग्याच्या गादीला पुसली.

अब्बा दारात आले नाहीत. आत कागदाच्या हौदापाशी बसून राहिले. अम्मीनं भाकऱ्यांचं फडकं हातात दिलं आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "जाव बेटा. उदर हात देखके काम देते बोलते." तू ओढ्यापर्यंत टांग्यामागं पळत आलास, हुसेन. तेव्हा तू लहान होतास. आता तू घरचा कर्ता झालास आणि मला लिहितोस की, "भाईजान, गावात पुन्हा मोठी सुट्टी आहे, लढाई जिंकल्याची, तर या खेपेला याच." उत्तर देतो. पण आधी मी का गेलो ते नीट ऐक. आळीत जे राहिलेत त्यांनाही वाचून दाखव, आणि माझ्यासारखे जे पांगलेत त्यांच्या कानावरही जाऊ दे.

आपण कागदी. जुने दोरखंड, गोणपाट, चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, हौदात कालवायचा, जाळीवर उचलायचा आणि ओला ताव भिंतीला थापून सुकवायचा. एके काळी सरकारी दप्तरं आपल्या कागदावर चालत. मग गिरणीचा कागद आला आणि कचेरीनं आपल्याकडं पाठ फिरवली. ठीक आहे, धंद्याचं असंच असतं. पण दरबाराच्या कमानी सजवायला कचेरीनं रंगीत कागद पाठवला तो गिरणीचा, आणि पाठवला कुठं, तर कागद्यांच्या आळीत! अब्बांनी तो थुंकीनं ओला करून दोन बोटांत चोळला. "ह्यो काय कागद हाय का? भिजला की शेंबूड," म्हणाले. तरी कमान बांधली. हुकूम होता ना.

आपला चांगला कागद त्या वर्षीही निघाला, तो ताबुतासाठी. मोहरमचा ताबूत अब्बा स्वतः बांधायचे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर आपला पांढरा ताव, त्यावर कातरकाम. आणि तो उठायचा तुकातात्याच्या खांद्यावर. तुकातात्या म्हणजे नदीकाठचा माळी, वांगी-मिरचीचा मळा असलेला. त्याच्या आज्याच्या वेळी महामारीत आपल्या आळीत ताबूत उचलायला धड माणसं उरली नव्हती. तेव्हा तो आजा मोटेवरचे बैल सोडून आला आणि त्यानं खांदा दिला. तेव्हापासून पहिला खांदा त्या घरचा. तो लागल्याशिवाय ताबूत जमिनीवरून हलत नसे. तात्या नवव्या दिवसापासून उपास धरायचा, चपला सोडायचा, दंडाला हिरवा दोरा बांधायचा. तसाच मळ्यातल्या म्हसोबालाही नारळ फोडायचा. त्याला कोणी विचारलं असतं की बाबा, तू नक्की कोण, तर तो म्हणाला असता, "म्या माळी. का रं, वांगी पायजेत का?"

तोवर आपल्यालाही ठाऊक नव्हतं की आपण 'समाज' आहोत. आपण कागदी होतो, पलीकडं तांबट, अलीकडं बागवान, वर बामणं. दरबाराच्या सुट्टीआधी मामलेदारांनी सभा बोलावली आणि सांगितलं, की राजनिष्ठा दाखवायला हिंदू समाजाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ हवा आणि मुसलमान समाजाचा एक. झालं! घोड्याला नाल मारायला घेतली तशी बेडकानंही पाय पुढं केला. हिंदूंतर्फे एक वकील उभा राहिला, ज्याला रावसाहेब व्हायचं होतं. आपल्यातर्फे एक शेठ उभा राहिला, ज्याला खानसाहेब व्हायचं होतं. त्यानं उभ्या जन्मात आपल्या आळीत पाय टाकला नव्हता, पण त्या दिवसापासून तो आपला पुढारी झाला. सभेला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या उजव्या हाताची खुर्ची कोणाची यावरून दोघं भर सभेत भांडले. शेवटी साहेबानं आपला कुत्रा त्या खुर्चीपाशी बांधला. हे मी रचून सांगत नाही, मीच तिथं पाण्याचा घडा धरून उभा होतो. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. सुट्टीचे पेढेही पोरांना दोन रांगांत वाटले. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

कमानी उतरल्या नव्हत्या तोच मोहरम आला. त्या वर्षी मिरवणुकीला परवाना लागणार होता. अब्बा कचेरीत गेले, मी बरोबर. कारकुनानं विचारलं, "ताबूत कोणाचा?" आता आपल्या गावात ताबूत कोणाचा म्हटलं की ज्याचा पहिला खांदा, त्याचं नाव सांगतात. बांधणाऱ्यानं आपलं नाव सांगणं म्हणजे आगाऊपणा. अब्बा रीतीला धरून म्हणाले, "तुकातात्या माळ्याचा." कारकुनानं तसंच लिहिलं. आम्ही सलाम करून घरी आलो. अब्बांच्या जन्मात त्यांनी एवढी एकच चूक केली, आणि ती चूकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोंब. मोहरमचा ताबूत हिंदूच्या नावावर, हे कसं? मामलेदारांनी दोन्ही समाजांच्या त्या दोन रत्नांना बोलावलं. वकील म्हणाला, "हिंदूनं ताबुतापुढं चालणं ही धर्माची नाचक्की आहे." शेठ म्हणाला, "आमच्या ताबुताला परक्याचा हात? तौबा!" खुर्चीवरून तोंडं फिरवून बसलेले दोघं घटकाभरात एक झाले. त्यांचं जमलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. मामलेदार खूश. हुकूम निघाला, की शांतता राखण्यासाठी ताबुताला त्या समाजाच्या माणसांखेरीज कोणी हात लावू नये. अब्बांना बोलावून त्यांनी मायेनं सांगितलं, "गफूरभाई, हे तुमच्याच भल्याचं आहे."

अब्बांनी तात्याच्या मळ्यात निरोप धाडला नाही. त्यांची जीभच रेटली नाही. त्यामुळं विसर्जनाच्या दिवशी तात्या नेहमीसारखा आला. अंघोळ करून, अनवाणी, दंडाला हिरवा दोरा, तोंडात पाण्याचा थेंब नाही. आपल्या दारात हवालदारानं काठी आडवी धरली.

"तात्या, तुला बंदी हाय."

"कसली बंदी?"

"तू हिंदू न्हवं का?"

तात्यानं आधी काठीकडं बघितलं, मग अब्बांकडं. अब्बांनी मान खाली घातली. "हवालदार," तात्या म्हणाला, "उचलू नगं तर न्हाई उचलत. नुसता हात लावू द्या. माझ्या बानं मरताना येवढंच सांगितलं व्हतं, की खांदा चुकवू नगंस. पोरं-बाळं हायेत राव मला." त्याला खरंच वाटत होतं, की खांदा चुकला तर घरावर काहीतरी येईल. गल्लीत वकिलाची माणसं उभी होती, ती फिदीफिदी हसली. "तात्या, सुंता कवा?" एकानं ओरडून विचारलं. शेठची माणसं ओट्यावर उभी होती, ती म्हणाली, "हटाव उसकू." हवालदारानं काठी तात्याच्या छातीला लावली आणि त्याला मागं रेटलं.

अब्बा उठले आणि म्हणाले, "मग ताबूत उठत न्हाई. जावा समदे घरला."

पण तसं कसं चालेल? बंदोबस्त लागलेला, रस्ता ठरवून दिलेला, शेठला साहेबासमोर आपला समाज मिरवायचा. त्यानं बाजारातून हमाल आणवले. हुसेन, ते हमाल कोण होते ठाऊक आहे? त्यांतले अर्धे येडगावकडचे मराठे होते! मी त्यांना नावानं ओळखत होतो. त्यांनी ताबूत उचलला, खांदा दिला, आणि हवालदार बघत राहिला. त्यांना कोणी धर्म विचारला नाही. त्यांना मजुरी होती, मान नव्हता. मजुरीला सगळे चालतात. थू! त्या क्षणी मला त्या कचेरीची, त्या शेठची, त्या वकिलाची, आणि ओट्यावर गप्प उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या आळीची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

तात्या भिंतीला टेकून उभा होता. रीत म्हणून अब्बांनी त्याच्या पुढं सरबताचा पेला केला. त्यानं तो तोंडाला लावला आणि तसाच परत दिला. अब्बांनी त्या दिवसानंतर ताबूत बांधला नाही. मी एकदा रागानं म्हणालो, "सरकारचा मुडदा बसवला." तर म्हणाले, "सरकार कुठं व्हतं आपल्या दारात? समदे शेजारीच व्हते." मग मला तिथं राहवेना.

जाताना वाटेत पेठ गावाला टांग्याची घोडी बदलली. तिथल्या धर्मशाळेतला म्हातारा पाणी घालता घालता म्हणाला, "पावणं जुन्नरचं का? त्यो ताबूत हिंदूचा का मुसलमानाचा, ते काय ठरलं का न्हाई?" आणि खो खो हसला. पेठेपर्यंत गोष्ट पोचली होती. मी पाणी न पिता उठलो.

मुंबईहून बोटीनं सिंधेत केमाडी बंदराला उतरलो. इथं एका प्रेसमध्ये बाइंडर आहे. अम्मी म्हणाली ते खरं निघालं, हात बघूनच ठेवलं. फोरमन सिंधी आहे, "साईं, साईं" करतो आणि ओव्हरटाइम करून घेतो. सदर बाजारापर्यंत ट्राम आहे, समुद्राचा वारा आहे, पाणी मचूळ आहे. कोणी माझं नाव ऐकलं की सलाम करतं, आणि मग मी मराठी बोलताना ऐकलं की विचारतं, "ये हिंदूवाली जबान क्यों?" इथं मराठी मंडळीही पुष्कळ आहेत, रेल्वेत, पोर्ट ट्रस्टमध्ये. एकदा त्यांच्या गणपतीला गेलो. माझं बोलणं ऐकून मला घरात घेतलं, पाट दिला. नाव सांगितलं तेव्हा यजमानांना खोकला आला. बरं, मी कोणाकडून काही मागायला आलो नव्हतो.

आणि आमच्या प्रेसमध्ये दर वर्षअखेरीला छापायला काय येतं? सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर. हिंदूंच्या सुट्ट्या एका खणात, मुसलमानांच्या दुसऱ्या, पारशांच्या तिसऱ्या, किरिस्तावांच्या चौथ्या, आणि बादशहाचा वाढदिवस सगळ्यांच्या डोक्यावर, सोनेरी शाईत. मी ते ताव दुमडतो, शिवतो, कापतो. मोहरमचा दिवस बघतो आणि मला दर वर्षी वाटतं, तुकातात्याला या कागदावर कोणत्या खणात बसवणार? सरकारचं कॅलेंडर इतकं मोठं, पण एका माळ्याला त्यात जागा नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितोस, की लढाई जिंकल्याच्या सुट्टीला कलेक्टरसाहेब जुन्नरला येणार आहेत, आणि हिंदू-मुसलमान एक आहेत हे त्यांना दाखवायचं आहे. म्हणून मोहरम नसताना कचेरीसमोर एक शोभेचा ताबूत ठेवणार, आणि त्याला जुन्या रीतीप्रमाणं तुकातात्याचा पहिला खांदा लावणार. त्याला फेटा बांधणार, हार घालणार. कमिटीवर कोण, तर तोच वकील आणि तोच शेठ, आता रावसाहेब आणि खानसाहेब! ज्यांनी त्याच्या छातीला काठी लावायला लावली, ते आता त्याला नाचवायला निघालेत. माणसाला लाज असावी, ती नसेल तर निदान विसरभोळेपणा तरी थोडा कमी असावा. आणि तात्या ऐकत नाही, म्हणून गफूरभाईच्या थोरल्यानं येऊन त्याची समजूत घालावी, असं तुझं म्हणणं.

तात्यानं कमिटीला काय सांगितलं तेही तूच लिहिलंस, तक्रारीच्या सुरात. "तवा माझा हात बाटगा व्हता, आता त्यो सोन्याचा झाला व्हय? तुमच्या सायबाला सांगा, मला वांग्याला पाणी द्यायचंय."

हुसेन, मी ती ओळ प्रेसमध्ये मशीन चालू असताना वाचली आणि उभ्याउभ्या रडलो. इतक्या वर्षांत गाव म्हटलं की मला ओकारी यायची. जुन्नरात माझं काही उरलेलं नाही, असंच मी धरून चाललो होतो. त्या म्हाताऱ्यानं नाही म्हटलं आणि मला कळलं, की उरलंय.

मी येतो. पण समजूत घालायला नाही, आणि तुमच्या सुट्टीला तर नाहीच. त्या दिवशी मी तात्याच्या मळ्यात असेन, वांग्याला पाणी द्यायला. कमिटीला कळव, की गफूरभाईचा थोरला आलाय, पण त्याला वेळ नाही.