सोंगाचं वाण

सासूबाईंचा एक लाडका शब्द होता, सोंग. सकाळी मला कुकरचं झाकण फिरवता आलं नाही की लगेच, "झालं हिचं सोंग सुरू!" ठाण्याच्या डॉक्टरांनी संधिवात असल्याचं लिहून दिलेलं, फाइल टीव्हीखाली पडलेली. पण बाई जिन्यात उभ्या राहून अख्ख्या बिल्डिंगला सांगायच्या, "संध्याकाळी ब्रश बरा धरता येतो हिला, लाटणंच तेवढं जड होतं."

आता यांना कोण सांगणार! सकाळी माझी बोटं लाकडासारखी ताठ असतात, चारनंतर जरा सैल होतात. ते दीड-दोन तास मी चित्रांना द्यायचे. ब्रशच्या दांड्याला जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळायची, म्हणजे मूठ वळते. हे मी दहादा समजावलं. मग समजावणं सोडलं आणि मनात डूख धरला. खोटं कशाला बोलू?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी म्हटलं, "आई, यंदा वाण मी करते. छोटी चित्रं." खूश झाल्या. डोंबिवलीत प्लास्टिकचे डबे लुटून लुटून सगळ्यांचीच कपाटं भरलीत.

महिनाभर मी फक्त माझे हात रंगवले. ओला टॉवेल पिळताना. दोन्ही तळव्यांत कप धरताना. ब्लाउजच्या हुकाशी हरलेले. सांधे लाल, आणि एमआयडीसीच्या नाल्याला कधीकधी रंग येतो तसले जांभळे. प्रत्येक चित्राखाली सुवाच्य अक्षरात सासूबाईंचं जिन्यातलं एकेक वाक्य. सगळी पाकिटात घालून चिकटवून टाकली.

त्या संध्याकाळी हळदकुंकू लावून, तिळगूळ देऊन ती पाकिटं सासूबाईंनीच हौसेने वाटली. स्वतःच्या हाताने! एकीने उघडलं, मग दुसरीने. मग एकमेकींची चित्रं बघू लागल्या. सासूबाईंनी एक ओढून घेतलं, वाचलं आणि कडाडल्या, "मी असं कधी म्हटलं?"

"म्हणालात की हो," खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "जिन्यात. मलाच."

"मलाही," कोपऱ्यातून आवाज आला.

अहाहा! इतकं बरं मला कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी ते चित्र माझ्या अंगावर भिरकावलं. साडेपाच वाजलेले, माझी बोटं छान वळत होती. मी ते उचललं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पदरात घातलं.

"वाण परत करत नाहीत, आई."