एक ओळ जास्त

सोमवार, १२ नोव्हेंबर १९४५. काम – भरतीच्या यादीची मोडीतून बाळबोधीत नक्कल. ओळी एकतीस.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मासिकाच्या या सदरात लोक पिंपळाखालच्या बायकांविषयी लिहितात, आणि मी आजवर ते पान न वाचताच उलटत आले. जानेफळात बदलून आले तेव्हा मला मिळालेली खोली ‘लागीर’ म्हणून रिकामी पडली होती. तिथे घुशी निघाल्या. बिळं बुजवली, विषय संपला. अशी मी बाई आहे. पण हे जे झालं ते माझ्याच हातून झालं, भर दुपारी, स्वच्छ उजेडात... त्यामुळे ते झटकून टाकता येत नाही.

मी इथल्या मुलींच्या शाळेवर मास्तरीण. वडील दुसऱ्या तालुक्यात पटवारी होते. अकराव्या वर्षी मी विधवा झाले, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून मोडी शिकवली. ती अशी कामाला आली.

दुसरी लढाई नुकती संपली होती. तिच्या आधीच्या लढाईत आमच्या भागातून गेलेल्या आणि न परतलेल्या काही माणसांची सीलबंद पाकिटं वारस न सापडल्यामुळे तशीच राहिली होती. ती आता घरी पोचवायची, नाहीतर कायमची परत पाठवायची, असं वरून ठरलं. वारस शोधायला त्या वेळच्या पाटलांनी लिहून ठेवलेली भरतीची यादी हवी, आणि ती मोडीत. नव्या कारकुनांना मोडी येईना. मला येत होती, आणि दिवाळीची सुट्टी होती. बुधवारी कारकून चावडीवर येणार, नक्कल बघणार, आणि ज्यांचे वारस नाहीत ती पाकिटं घेऊन जाणार.

नक्कल ताडून बघायची वडिलांची एक पद्धत होती. मूळ कागदाची एकेक ओळ वाचताना ताटलीत तुरीचा एकेक दाणा टाकायचा. नक्कल झाली की तिच्या दर ओळीला एक दाणा उचलायचा. शेवटची ओळ आणि शेवटचा दाणा एकदमच संपले पाहिजेत. मगच खाली लिहायचं – ‘अस्सलबरहुकूम’. म्हणजे मुळात आहे ते सगळं इथे आहे, आणि मुळात नाही ते काहीही नाही. खाली सही आपली. मी ती कधी चुकीच्या कागदाखाली केलेली नाही.

कापसाची वेचणी चालू होती. दिवसा गावात माणूस दिसत नव्हता. शाळेच्या पडवीत मी, दौत आणि ते रजिस्टर. नाव, बापाचं नाव, गाव, वारस... असे रकाने भरत गेले. शेवटचा रकाना भरताना एकदा मनात आलं, माझ्या नावापुढे हा रकाना भरायला कुणी बसलं तर एक तिरपी रेघ ओढून मोकळं होईल. आलं आणि गेलं.

तीन वाजता दाणे उचलायला घेतले. दाणे संपले, आणि एक ओळ उरली.

पुन्हा ताडत गेले तेव्हा जास्तीची सापडली. ओळ अठरावी. माझं अक्षर, माझीच शाई, दोन्ही बाजूंच्या ओळींइतकंच अंतर सोडून लिहिलेली –

‘राणोजी वल्द भिवाजी, माळी, खेचरांवर. उजव्या करंगळीला वरचं पेर नाही. बायको अंजनी, चिंचमळा. टाकलेली नाही.’

मूळ रजिस्टर बोट ठेवून वाचलं. सतराव्यानंतर थेट दुसराच माणूस. मध्ये जागा नाही, वाळवी नाही, खाडाखोड नाही. ती ओळ लिहिताना मला काय वाटलं, असं लोक विचारतात. काहीही वाटलं नाही. वारा सुटला नाही, वास आला नाही. लिहिल्याचं आठवतच नाही, एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. यादीबरोबर पाकिटांची पेटीही आली होती, तिच्यातल्या एका पाकिटावर ‘राणोजी भिवाजी, अमडापूर’ असं होतं. अमडापुरात तसा कुणी नाही म्हणून ते परत आलं होतं. ती लेबलं मी सकाळी वाचली होती, तेव्हा नाव डोक्यात राहिलं असेल. पण करंगळी? आणि सरकारी यादीत ‘टाकलेली नाही’ असं कोण लिहितं?

रजिस्टर न्यायला ग्यानबा कोतवाल आला. त्याला विचारलं, “चिंचमळा कुठे आहे रे?”

“हिवऱ्याच्या वाटेवर, बाई. वांग्याचा मळा हाय थो. काऊन?”

“तिथे अंजनी म्हणून कोणी आहे?”

“हाय ना. टाकलेली अंजनी.” तो हसला. “तिचा नवरा मिरच्या इकाले अमडापूरच्या बजारात गेला, अन् तिकूनच तमासगिरनीमांगं पयाला. साऱ्या गावाले ठाव हाय. पोरं गानं म्हनत तिच्यावर. म्या बी म्हटलं हाय लहानपनी.”

“नाव काय होतं नवऱ्याचं?”

“बापू म्हनत त्याले. खरं नाव कोनाले ठाव! सासू-सासरे साथीत गेले. अन् थे अंजनी तं नाव घेतच नाही.”

तो गेल्यावर दिवेलागणीपर्यंत ती ताटली पुढ्यात घेऊन बसले.

मंगळवारी सकाळी चालत निघाले. दोन कोस असेल. मला वाटलं होतं म्हातारी असेल... पण ती माझ्याच वयाची निघाली. वांग्यांच्या सऱ्यांना पाणी देत होती. कपाळावर कुंकू, हातात काचेच्या चार-चार बांगड्या.

“मास्तरीनबाई ना तुमी? येवढ्या लांब पायी काऊन आल्या? वांगे पाह्यजेत का?”

“अंजनीबाई, तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा.”

ती पाण्याकडेच बघत राहिली. “नाव घेत असते का कोनी? लगनात घेतलं होतं एकदा, उखान्यात. सासूनं तीनदा घ्याले लावलं. थे तिन्ही अजून जमा हायत.”

“माझ्याकडे एक कागद आहे. मी वाचते, तुम्ही नुसतं ऐका.”

मी ‘राणोजी वल्द भिवाजी’ एवढंच वाचलं. तिने कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावरून पुढे ओढून घेतला, जसा घरधनी दारात आल्यावर बायका ओढतात. मळ्यात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. तरी मी मागे वळून पाहिलं, हे कबूल करते.

करंगळीचं वाचलं. “इळा लागला होता,” ती म्हणाली. “म्याच हयद भरली.”

शेवटचे दोन शब्द वाचले, तेव्हा तिने माझ्या हातातला कागद धरला. ओढला नाही, नुसता धरला. “हे कोनं लिवलं, बाई?”

“अक्षर माझं आहे.”

“म्या इचारलं, कोनं लिवलं?”

बुधवारी चावडीवर या, एवढंच मी सांगितलं. परत येऊन चावडीवरून रजिस्टर मागवलं आणि पुन्हा पहिल्यापासून नक्कल केली, प्रत्येक ओळीला दाणा हातात धरून. या वेळी एकतीसच झाल्या. त्या नकलेखाली मी ‘अस्सलबरहुकूम’ लिहून सही केली. पहिला कागद वेगळा घडी करून ठेवला.

बुधवारी कारकून आला. तरुण, चष्मेवाला, घाईत. वेचणीवरून चारदोन माणसंही आली होती. अंजनी चावडीच्या पायरीखाली उभी होती. नक्कल घेऊन झाल्यावर मी तो पहिला कागद पुढे केला.

“ही ओळ मुळात कुठे आहे, बाई?”

“मुळात नाही.”

“मग माहितीला आधार काय?”

“आधार नाही.”

त्याने चष्मा काढला. “आधाराशिवाय मी पाकीट कसं देऊ? आणि हे ‘टाकलेली नाही’... हा कुठला रकाना?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. अंजनी मान खाली घालून उभी होती. आज पाकीट गेलं असतं तर ती मरेपर्यंत तीच राहिली असती – टाकलेली अंजनी.

मी म्हटलं, “पाकीट फोडा. आत चाकरीचा कागद असेल, त्यावर अंगावरची खूण असते. उजवी करंगळी लिहिलेली नसेल तर हा कागद सगळ्यांसमोर फाडा, आणि मी सही केलेली नक्कलही फाडा. या तालुक्यात पुन्हा कोणी माझ्याकडून मोडी वाचून घेऊ नये.”

त्याने सील फोडलं. आत काशाची एक चकती, लढाईत मेलेल्याच्या घरी सरकार देतं ती, आणि दोन इंग्रजी कागद होते. तो मनातल्या मनात वाचत गेला... आणि थांबला. मग मोठ्याने मराठीत सांगितलं. पलटणीच्या खेचरांवरचा माणूस. उजव्या करंगळीला वरचं पेर नाही. तिकडे इराकात, बसऱ्याच्या इस्पितळात तापाने वारला. गाव अमडापूर, कारण भरती तिथल्या बाजारात झाली होती. परमुलखातल्या साहेबाला चिंचमळा काय सांगणार? आपल्याकडची माणसं बाजाराच्या गावाचंच नाव सांगतात. त्यानेही तेच सांगितलं.

कोणी हसलं नाही. अंजनीने चकती पदरात घेतली आणि ग्यानबाकडे बघितलं, फार वेळ.

ग्यानबा उठला. चावडीच्या खुंटीवरचा डफ त्याने काढला. “साहेब, म्या दवंडी देतो. सरकारची नाही. मपली.”

संध्याकाळी माणसं शेतातून परतत असताना तो गावभर फिरला. राणोजी भिवाजी माळी लढाईत वारला होऽ, अंजनी टाकलेली नाही होऽ. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होते. तेच दोन शब्द. मी ते त्याला सांगितले नव्हते. चावडीत कारकुनाने वाचले, तेव्हा ऐकले असतील. हे एवढं तरी समजावून सांगता येतं.

बाकीचं येत नाही. चार वर्षं झाली. पहिला कागद अंजनीने मागून घेतला, तो तिच्या देवाच्या फळीवर आहे. मी अधूनमधून जाऊन बघते. ओळ तिथेच आहे, अक्षर माझंच आहे. नाव मी लेबलावर वाचलं होतं. पण पाकिटाचं सील कारकुनाने फोडेपर्यंत शाबूत होतं, आणि चिंचमळ्यात मी आधी पाऊल ठेवलं नव्हतं. कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवावं. मला सुचलेलं नाही.

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी पहाटे उठले. दूरदेशी गेलेल्या आपल्या माणसाच्या मरणाची बातमी कानावर आली की आंघोळ करायची असते, आणि बाईच्या डोक्यावर पाणी घालायला दुसरी बाई लागते. अंजनीचं कोणी नव्हतं. आणि कुंकू लावणारी कोणी विधवेच्या आंघोळीला पुढे आली नसती. मला ती अडचण नव्हती. शाळेची घागर घेऊन मी दोन कोस चालत गेले. ती विहिरीजवळच्या दगडावर येऊन बसलीच होती, जणू कोणीतरी येणार हे ठरलेलं होतं. बांगड्या तिने आधीच उतरवून शेजारी रचल्या होत्या. कुंकू स्वतःच्या हाताने पुसलं. मी पहिली घागर ओतली.

“बाई,” ती पाण्यातून म्हणाली, “आता नाव घेतलं तं चालते का?”

“चालतं.”

तिने घेतलं. मी दुसरी घागर भरून आणली.